येळ्ळूरची माती आणि आमचे ताट

चोर्ला घाट उतरून बेळगावची भाजी रोज गोव्यात येते. दरड कोसळून घाट बंद झाला, की दुसऱ्याच दिवशी आमच्या बाजारातील टोपल्या ओस पडतात आणि गृहिणीला आपला खरा पोशिंदा कोण याची आठवण होते. जो टोमॅटो अजूनही कित्येक घरांतून श्राद्धाच्या स्वयंपाकाला वर्ज्य मानतात, तोच एरवीच्या सोलकढीखेरीज सगळ्या रांधपात शिरून बसला आहे. तो महागला की आम्ही शासनाला दोष देतो, स्वस्त झाला की विसरून जातो. तो ज्या मातीत पिकतो त्या मातीची विचारपूस मात्र आम्ही क्वचितच करतो. आज ती करावयाची आहे.

येळ्ळूर हे नाव आमच्या वाचकांस परिचित आहे ते सीमालढ्यामुळे. २०१४ च्या जुलै महिन्यात या गावच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला फलक हटविण्यात आला, तेव्हा त्याचे पडसाद विधिमंडळांपर्यंत उमटले होते. परंतु बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाची दुसरीही एक ओळख आहे. ती म्हणजे तेथील काळी जमीन, तीत पिकणारा सुवासिक बासमती आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर येणारी मसूर. ज्याला विहिरीची वा कूपनलिकेची सोय आहे तो शेतकरी भातानंतर भाजीपाल्याचा विचार करतो. येथेच त्याची व त्याच्या मातीची परीक्षा सुरू होते.

काळी माती सुपीक खरी, पण टोमॅटोसाठी ती अवघड आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात व उन्हाने आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात ती चिखल होऊन बसते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते. भातासाठी वर्षानुवर्षे चिखलणी केलेल्या शेतात खाली घट्ट थर तयार होतो. भाताच्या मुळांना साचलेले पाणी सोसते. टोमॅटोची मुळे हवेवाचून गुदमरतात. चुन्याचा अंश अधिक असल्याने लोह व जस्त मातीत असूनही रोपाला सहजी मिळत नाही. पाणी कधी अति, कधी कमी झाले, की फळाचे बूड काळे पडते. अशा वेळी मातीत कॅल्शियम नाही असे समजून शेतकरी औषधाच्या दुकानाकडे धावतो. पण काळ्या जमिनीत बहुधा दोष कॅल्शियमच्या अभावाचा नसतो, पाण्याच्या चढउताराचा असतो.

यावरचा उपाय नवा नाही. पाणी निघून जाईल असे चर आणि उंच गादीवाफे ही पहिली पायरी. ती चुकली तर पुढचे सारे खत व्यर्थ. त्यानंतर चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, बेताने निंबोळी पेंड, आणि वाफ्यावर भाताच्या पेंढ्याचे आच्छादन. पेंढा जमिनीत गाडला तर तो कुजताना रोपाच्या वाट्याचा नत्र खाऊन टाकतो; तोच वर पसरला तर ओल राखतो आणि भेगा आवरतो. कुजलेल्या खतावर जगणारे सूक्ष्म जीव चिकणमातीच्या बारीक कणांना एकत्र बांधून रवाळ करतात आणि त्या रव्यांच्या फटींतून हवा व पाणी खेळू लागते. काळ्या मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला काही जण देतात. त्यातून बहुधा विटेसारखे ढेकूळच हाती येते. अर्धकच्चे शेणखतही तितकेच घातक. त्याबरोबर हुमणी आणि तणाचे बी शेतात येते. टोमॅटोमागून टोमॅटो, मिरची वा वांगे घेणेही टाळावे, कारण ही एकाच कुळातील पिके परस्परांचे रोग जपतात.

या विद्येचा मोठा वारसा आमच्याच भूमीत आहे. इंदूरच्या काळ्या जमिनीवर आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसविली, ती १९३१ साली त्यांनी ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. पुढे पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाकीत थोड्या शेणावर पुष्कळ पालापाचोळा कुजविण्याची ‘नाडेप’ रीत शेतकऱ्यांना दिली. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी ही टाकी तीन-चार महिन्यांत खत देते. ज्ञानाचा तुटवडा आहे असे म्हणून कोणालाही हात झटकता येणार नाहीत.

मग अडते कोठे? आमच्या मते अडते ते काळाच्या हिशेबात. एका एकरातील वरच्या १५ सेंटीमीटर मातीचे वजन सुमारे ८०० टन भरते. तीत शिफारशीप्रमाणे १० टन शेणखत घातले, तरी ते शंभरात जेमतेम सव्वा भाग होते. त्यातही निम्मे पाणी असते, आणि उरलेल्यातील बराचसा अंश वर्ष-दोन वर्षांत जिरून जातो. म्हणजे माती एका हंगामात सुधारत नाही. दरसाल खत घालून पाच-सात वर्षे वाट पाहावी लागते. रासायनिक खताची गोणी ही हातउसनी रक्कम आहे. ती लगेच मिळते आणि लगेच संपते. कंपोस्ट ही मुदतीची ठेव आहे. ठेव तोच ठेवील, ज्याला मुदत संपेपर्यंत पेढी उभी राहील असा भरवसा असेल.

हा भरवसाच आज शेतकऱ्याजवळ नाही. वर्षाच्या बोलीवर खंडाने जमीन करणारा मनुष्य दुसऱ्याच्या मातीत दहा टन खत कशासाठी ओतील? बेळगावभोवतालच्या सुपीक जमिनींवर रस्त्यांचे आराखडे येत राहतात. हलगा-मच्छे बायपाससाठी होणाऱ्या भूसंपादनाला तेथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. पुढल्या वर्षी आपल्या बांधावर मोजणीचे दगड पडतील की काय या धास्तीत असलेला शेतकरी माती कशी जोपासणार? भावाची गतही तीच. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किरकोळ बाजारात किलोमागे १०० रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा सारा देश हळहळला. त्याच वर्षी सप्टेंबरात नाशिककडच्या शेतकऱ्याच्या हाती किलोला काही रुपयेच पडू लागले, तेव्हा हळहळणारे फारसे कोणी उरले नव्हते. अशा जुगारात उतरणारा मनुष्य यंदाच्या पिकाचा विचार करतो, पुढच्या दशकातील मातीचा नव्हे. त्याला दूरदृष्टी नाही असा ठपका ठेवणे हा ढोंगीपणा होईल.

येथे गोमंतकीयांचा संबंध येतो. आमची जांभ्याची आम्लयुक्त जमीन आणि तीत मर रोगाने बसणारी टोमॅटोची रोपे पाहता, घाटावरची भाजी आम्हांस दीर्घकाळ लागणार हे उघड आहे. फलोत्पादन महामंडळ बेळगावहून भाजी आणते आणि सवलतीच्या दराने विकते. ही सवलत आमच्या करातून दिली जाते. ग्राहकाच्या ताटासाठी जर पैसा आहे, तर त्यातील काही भाग ताटामागच्या मातीसाठी का असू नये? महामंडळाने येळ्ळूरसारख्या गावांतील शेतकरी गटांशी, गोव्यातील शेतकऱ्यांचा अग्रहक्क राखून, तीन ते पाच वर्षांचे खरेदीचे करार करावेत, त्यात किमान भाव बांधून द्यावा आणि माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब वाढल्याचे दिसेल त्याला अधिक दर द्यावा. दुसरी गोष्ट, भाजी उतरवून घाटावर परतणाऱ्या वाहनांची. त्या भाजीची साले व देठ आमच्या ओल्या कचऱ्यात जातात. साळगावच्या प्रकल्पात २०१६ पासून अशा कचऱ्यावर प्रक्रिया होत आहे. काच, प्लास्टिक व जड धातू यांची काटेकोर तपासणी करून निर्दोष ठरलेले कंपोस्ट त्याच वाहनांतून घाटावर पाठविता येईल काय, याचा विचार शासनाने अवश्य करावा. तपासणीत त्रुटी राहिली तर मात्र ते औषध नव्हे, विष ठरेल.

काही जण म्हणतील, दुसऱ्या राज्याच्या मातीची काळजी आम्ही का वाहावी? त्यांना आमचे उत्तर साधे आहे. येळ्ळूर कोणत्या राज्यात असावे याचा निकाल न्यायालय लावील तेव्हा लावील. पण तेथली माती आजही रोज आमच्या पानात वाढली जात आहे. घेणाऱ्याने कधीतरी परतफेडीचा विचार करावयाचा असतो. शेतकऱ्याने ठेव ठेवावी अशी आमची इच्छा असेल, तर ती बुडणार नाही याची हमी देण्यात आम्हीही सहभागी झाले पाहिजे.