विमान गच्चीवर बनतं, पण उडतं मिक्स्चरवर

‘जुगाड’ हा शब्द कौतुकाने वापरणाऱ्यांचा मला राग येतो. दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मला एक रील पाठवतं. शेतात उभा केलेला सांगाडा, जुन्या गाडीचं इंजिन, ताणून बसवलेलं कापड, मागे देशभक्तीचं गाणं. ते विमान (विमान म्हणायचं आपलं) धावतं, उसळी घेतं, दहा-पंधरा फूट वर जातं आणि व्हिडिओ नेमका तिथेच कापलेला असतो. खाली प्रतिक्रियांचा पाऊस: नासावाल्यांनी इथे येऊन शिकावं. एवढ्या गर्दीत एकही जण विचारत नाही की त्या इंजिनाला पेट्रोल किती जात होतं, आणि ते कुणी, कशावरून ठरवलं.

मी विचारते, कारण तेच माझं पोटापाण्याचं काम आहे. पुण्याकडच्या एका कंपनीत मी दुचाकींच्या इंजिनांचं कॅलिब्रेशन करते. म्हणजे किती हवेला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे ठरवायचं. गाव माझं रेवदंडा. यंदा नागावची दोन पोरं भेटायला आली. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात सुरू झाला, त्यामुळे सध्या इथे प्रत्येकाच्या डोक्यावरून विमान जातंय, तसं त्यांच्याही. “ताई, दोन सीटर करायचंय, रोटरी इंजिन टाकून. मिक्स्चर कसं लावायचं तेवढं सांग, बाकी सगळं बघितलंय.”

बाकी सगळं बघितलंय! हा लेख त्या दोघांसाठी आहे. आणि त्यांच्यासाठी आधीच टाळ्या तयार ठेवून बसलेल्यांसाठी जास्त.

रोटरी का, ते मला कळतं. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेतून आलेल्या या इंजिनात वर-खाली करणारा पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लांबट पोकळीत फिरतो, बस्स. मझ्दाने ते गाड्यांत आणलं, १९९१ साली त्यावर ल मॉन्सची शर्यत जिंकली. त्यांचं १३बी इंजिन म्हणजे ६५४ सीसीचे दोन रोटर. आटोपशीर, थरथर कमी, ताकद भरपूर. घरी विमान बनवणाऱ्या परदेशी लोकांनी ते कधीच उचललं होतं. आणि आपल्यालाही ते परकं नाही. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारच्या जुन्या धावपट्टीवरून ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान उडालं, ते ५५ अश्वशक्तीच्या भारतीय वांकेल इंजिनावर. ते इंजिन घडवण्यात बंगळुरूच्या एनएएलसोबत नगरच्या व्हीआरडीईचा वाटा होता. मराठी मुलखातल्या, नगरसारख्या शहरात विमानाचं रोटरी इंजिन घडलं. यावर कुठे रील पाहिली आहे? मीही नाही. तळपद्यांवर मात्र सिनेमासुद्धा निघाला.

त्याच्याकडे येतेच. आधी मिक्स्चर.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडं जास्त द्यायचं, म्हणजे साडेबारा-तेराला एक. पेट्रोल फार झालं तर प्लग काळा पडतो, इंजिन घुसमटतं. कमी झालं तर प्लग पांढरा पडतो, आणि पूर्ण ताकदीवर असताना कमी झालं तर इंधन जळायच्या ऐवजी फुटतं. रोटरीत तो दणका रोटरच्या तीन टोकांवरच्या सीलना बसतो. त्या पट्ट्या तुटल्या की ताकद गेली. शिवाय रोटरीतली जळण्याची जागा लांबट आणि सरकती असते, ज्योत सगळीकडे नीट पोचत नाही, म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग द्यावे लागतात. धूर पिस्टनवाल्यांपेक्षा बराच तापलेला निघतो.

आता ‘लावायचं’ म्हणजे काय? आपल्या डोळ्यासमोर कार्बोरेटरचा स्क्रू असतो. गल्लीतला मेकॅनिक कान देतो, पाव फेरा फिरवतो, झालं. (त्या कानाला मी कमी लेखत नाही. पण तो कान जमिनीवर उभा असतो.) फ्युएल इंजेक्शन असलेल्या इंजिनात स्क्रू नसतो, तक्ता असतो. आडवे रकाने इंजिनाच्या फेऱ्यांचे, उभे रकाने आत येणाऱ्या हवेच्या दाबाचे. प्रत्येक चौकोनात एक आकडा: इथे इतकं पेट्रोल. असे शे-दोनशे चौकोन. त्यात १३बीला इंजेक्टरच्या दोन जोड्या. कमी ताकदीवर पहिली चालते, मग दुसरी येऊन मिळते. त्या मिळण्याच्या जागी तक्ता चुकला की इंजिन अडखळतं, आणि ती जागा बरोबर उड्डाणाच्या वाटेवर असते.

ही गोष्ट रीलमध्ये कधीच येत नाही. विमान दोरीने बांधून जमिनीवर इंजिन कितीही चालवा, ठरावीक कोनाच्या पंख्याचा भार प्रत्येक फेरीसंख्येला ठरलेला असतो. म्हणजे तक्त्यातून इंजिन एकाच वाटेने वर जातं आणि त्याच वाटेने खाली येतं. दोनशेपैकी पंधरा-वीस चौकोन तपासले जातात, बाकीचे कोरे अंदाज. वर गेल्यावर काय होतं? तुम्ही उतरायला म्हणून थ्रॉटल मागे घेता. वारा पंखा फिरवत ठेवतो, फेऱ्या जास्त, आतला दाब अगदी कमी. हा चौकोन जमिनीवर कधी आलेलाच नव्हता. त्यात भलता आकडा असेल तर इंजिन बंद पडणार, आणि तुम्ही तेव्हा नागावच्या सुरुंच्या शेंड्यांवर तीनशे फुटांवर असणार.

हवा बदलते ती वेगळीच. पोलादपूरहून जुनी कार्बोरेटरवाली मोटरसायकल घेऊन आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेलात तर वर पोचेपर्यंत ती जड वाटायला लागते. साडेतेराशे मीटरवर हवा सुमारे १२ टक्क्यांनी विरळ होते, पेट्रोल मात्र जवळजवळ तेवढंच जात राहतं. मोटरसायकल बंद पडली तर तुम्ही बाजूला घेऊन चहा पिता.

मिक्स्चरने माणसं मरतात हे मी घाबरवायला सांगत नाही. पहिल्या महायुद्धातली रोटरी वेगळी होती, तिच्यात अख्खं इंजिनच पंख्यासोबत गरगर फिरायचं आणि एरंडेल पिऊन चालायचं. सॉपविथ कॅमल विमानात ती होती. हरदित सिंग मलिक यांनी १९१७ मध्ये हेच विमान युद्धात उडवलं. कॅमलने जमीन सोडली की वैमानिकाला लगेच एक दांडी सरकवून पेट्रोल कमी करावं लागे. नवशिके ते विसरत किंवा उशिरा करत. इंजिन गुदमरून थांबे, विमान कोलमडे. शत्रू दिसायच्या आधीच, सराव करताना, कितीतरी पोरं अशी गेली.

आता तळपदे. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं ही कथा आपण शंभरेक वर्षं कवटाळून आहोत. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला त्यात दिला जातो, ते तपासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं की ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. माझी तक्रार खऱ्या-खोट्याच्या पलीकडची आहे. या कथेत फक्त एक उड्डाण आहे. आदल्या दिवशी काय बिघडलं, दुसऱ्या दिवशी काय बदललं, यातलं काही नाही. आपल्याला विमान हवं असतं ते चमत्कार म्हणून.

म्हणूनच खरा माणूस समोर आला तरी आपण त्याला चमत्कारच करून टाकतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं गेलं, लोक सेल्फी काढत होते. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या कंपनीशी ३५,००० कोटींचा सामंजस्य करार केला. आणि उडवून पाहायची परवानगी मिळाली २०१९ मध्ये! क्रम बघा. आधी हजारो कोटी, मग चाचणी. यादवांनी अर्ध आयुष्य यात घातलं, त्यांच्या चिकाटीपुढे मी हात जोडते. लाज वाटते ती बाकीच्यांची. कुणी त्यांना अडवत होतं, कुणी मिरवत होतं. चाचणीला जागा, वेळ आणि शांतता द्या असं म्हणणारा आवाज फार बारीक होता.

अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला ‘प्रायोगिक’ म्हणून प्रमाणपत्र मिळतं, तो शब्द विमानावर ठळक लिहावा लागतो, आणि पहिले साधारण ४० तास ठरवून दिलेल्या भागातच, प्रवासी न घेता उडावं लागतं. इंजिन-पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास. मला हा नियम फार शहाणा वाटतो. तुला अजून माहीत नाही, हे तो गृहीत धरतो आणि माहीत करून घ्यायला ४० तास देतो. ते कोरे चौकोन भरायचे तास. आपल्याकडे मात्र एक तर हार, नाही तर नोटीस.

गरीब घरातल्या पोराने सेन्सर कुठून आणायचे, असं मला नेहमी ऐकवलं जातं. धुरातला ऑक्सिजन मोजून मिक्स्चर सांगणारा वाइडबँड सेन्सर, ज्या फोनवर रील शूट होते त्यातल्या बऱ्याच फोनांपेक्षा स्वस्त पडतो. गरिबीचं कारण देऊन मोजमाप टाळणाऱ्याला आपण प्रतिभावंत म्हणतो, हा त्या पोराचाच अपमान आहे.

राहिलं इंधन. विमानाचं एव्हगॅस हे पेट्रोल वडोदऱ्याला बनतं, पण ते गावच्या पंपावर मिळत नाही. शिवाय त्यातलं शिसं तो सेन्सर लवकर निकामी करतं. म्हणून सगळे पंपाकडे वळतात, आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलवर लावलेला तक्ता तसाच ठेवून हे इंधन भरलंत तर मिक्स्चर सुमारे ८ टक्क्यांनी हलकं होतं. कारमधला संगणक ते सांभाळून घेतो, तुमच्या विमानातला सांभाळेलच असं नाही. त्यात इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्या किनाऱ्यावर पाण्याला काय तोटा. पावसाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलवर आउटबोर्ड सुरू करायला गेलेले आमचे शेजारी नाखवा मला म्हणाले होते, “बाय, इंजान नवा हाय, दोष त्यात नाय.” टाकीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर निघाला. उसाच्या पट्ट्याला इथेनॉल हवंय, हवं असू दे. पण बिनइथेनॉलचं पेट्रोल साध्या दराने मागायचा हक्क होडीवाल्याला असायला हवा, आणि विमानवाल्यालाही.

तर नागावच्या पोरांनो, मिक्स्चर कसं लावायचं ते मी सांगेन. इंजिन घ्यायला अजून वर्ष आहे म्हणालात ना? तोवर एक वही घ्या आणि काचेचं १०० मिलीचं मोजपात्र. अंगणात, चुलीपासून लांब, त्यात १० मिली पाणी आणि वर ९० मिली पंपाचं पेट्रोल घाला. तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल खाली पाण्यात उतरतं, पाण्याचा थर दहाच्या खुणेच्या वर सरकतो. कुठे थांबला ते लिहा. तारीख, पंप, थर. पुढच्या रविवारी रेवदंड्याच्या पंपावरचं, मग अलिबागचं, मग पाऊस लागल्यावर पुन्हा तिन्ही. दिवाळीत गावी येईन तेव्हा वही बघेन.