लसूण-हळदीने कोंबड्यांचे औषध सुटेल का?

एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे : "घरामागे हजार ब्रॉयलर पिल्लांची शेड आहे. पिल्ले पातळ हगू लागली की दुकानातून अँटिबायोटिकची पूड आणून पाण्यात देते. पूर्वी एका पुडीत भागायचे, आता दोन लागतात. शेजारीण म्हणते, लसूण-हळद घाल आणि औषध बंद कर. खरे काय मानावे?"

ताई, पूड जास्त लागते हीच धोक्याची खूण आहे. अमेरिकेत १९५० च्या सुमारास असे आढळले की, खाद्यात रोज थोडे अँटिबायोटिक घातले तर निरोगी कोंबडीही लवकर वजन धरते. ही रीत जगभर पसरली. पण थोड्या मात्रेने सगळे जंतू मरत नाहीत. औषधाला दाद न देणारे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. हे जंतू विष्ठेतून, तुसातून, हातापायांतून घरात येतात. शेडमध्ये सर्वांत जास्त कोण वावरते? तुम्ही आणि तुमची मुले. उद्या लेकरू आजारी पडले आणि डॉक्टरांचे औषध लागू पडले नाही, तर कोंबडीवर मिळवलेला पैसा काय कामाचा?

म्हणूनच स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी अँटिबायोटिक देणे बंद केले. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ते पूर्ण थांबवले. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये सरकारने कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना व इतर खाद्य-जनावरांना देण्यास बंदी केली. दवाखान्यात इतर औषधे हरली की माणसासाठी जी मोजकी औषधे उरतात, त्यांपैकी ते एक आहे.

आता शेजारणीच्या सल्ल्याकडे वळू. तो खुळा नाही. ओव्यात थायमॉल असते, ओरेगॅनो या युरोपातल्या पाल्यात कार्व्हाक्रॉल असते. ही द्रव्ये जंतूंचे आवरण फोडतात. लसूण ठेचल्यावर त्यात अ‍ॅलिसिन तयार होते, तेही जंतूंना रोखते. हळदीतले कुर्क्युमिन आतड्याची सूज उतरवायला मदत करते. आतडे चांगले तर खाद्य अंगी लागते. प्रयोगांत किलो खाद्यामागे ५ ते १० ग्रॅम हळदपूड घालून पाहिली गेली आहे. काही ठिकाणी पिल्ले चांगली वाढली, काही ठिकाणी फारसा फरक दिसला नाही. वनस्पतीतले तेल पिकानुसार, जमिनीनुसार कमीजास्त असते आणि खाद्याच्या गोळ्या करताना वाफेच्या उष्णतेने बरेचसे उडूनही जाते.

तेव्हा हळद-लसूण हा रोजच्या अँटिबायोटिकला पर्याय होऊ शकतो, पण आजारी पडलेल्या बॅचचे ते औषध नव्हे. मानमोडी हा विषाणूचा रोग आहे. त्यावर ना लसूण चालतो, ना अँटिबायोटिक. लसच वेळेवर द्यावी लागते. रक्ती हगवण ओल्या तुसातून वाढते, तिचे औषध वेगळे. हगवण एकसारखी दिसली तरी कारणे निरनिराळी असतात. म्हणून मरतूक वाढली की मेलेले पिल्लू पशुवैद्यकाकडे नेऊन तपासून घ्या. त्यांनी अँटिबायोटिक दिले तर सांगितले तितके दिवस पूर्ण द्या. नंतर वेष्टनावर छापलेले दिवस थांबूनच कोंबडी विका.

पुढच्या बॅचच्या आधी एवढे करा. जुना तूस काढून शेड धुऊन वाळवा. पाण्याची भांडी रोज घासा. तूस ओला झाला की लगेच बदला. शेडसाठी चपला वेगळ्या ठेवा आणि बाहेर येताच साबणाने हात धुवा. मग हळद थोड्या पिल्लांना देऊन पाहा, वजन व मरतूक वहीत लिहा. कंपनीची पिल्ले करारावर सांभाळत असाल तर खाद्यात स्वतःहून काही मिसळू नका. मात्र त्यात कोणते औषध आहे, हे सुपरवायझरला जरूर विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ताई, शेड कोरडी राहिली तर निम्मी पूड आपोआप सुटेल. उरलेल्या कामाला हळद-लसणाचा हातभार घ्या. वहीत काय नोंद झाली, ते आम्हाला अवश्य कळवा.