इवल्याशा जिवाचे विस्तीर्ण घर

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कांगारू उभा राहतो. पोटावरच्या पिशवीतून डोकावणारे त्याचे पिल्लू आपण चित्रांत अनेकदा पाहिलेले असते. ही पिशवी म्हणजे शिशुधानी. अपुऱ्या वाढीचे पिल्लू जन्मताच तिच्यात शिरते आणि मातेच्या दुधावर तेथेच वाढते. भारतात असा एकही प्राणी मूळचा नाही. म्हणूनच की काय, या गटात उंदराएवढे आणि खारीएवढेही कितीतरी प्राणी आहेत, हे आपल्या गावी नसते. वन्यजीवांच्या रक्षणाची चर्चासुद्धा बहुधा भव्य प्राण्यांभोवतीच फिरते. परंतु एखाद्या जिवाचे रक्षण करणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घ्यायचे असेल, तर लहान प्राण्याकडेच वळावे, असे मला वाटते.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील आल्प्स पर्वतात राहणारा पिग्मी पॉसम हा असाच एक प्राणी. त्याचे वजन सुमारे ४५ ग्रॅम. म्हणजे ओंजळीत सहज मावेल एवढा. इ. स. १८९५ मध्ये रॉबर्ट ब्रूम या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, ते केवळ जीवाश्मांवरून. हा प्राणी कधीच नामशेष झाला, असा समज त्यानंतर सत्तर वर्षे कायम होता. इ. स. १९६६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील माउंट हॉथम येथे, बर्फावर घसरण्याचा खेळ खेळायला येणाऱ्यांच्या एका निवासात तो जिवंत सापडला. आज त्याची संख्या दोन-तीन हजारांहून अधिक नसावी, असा अंदाज आहे.

या प्राण्याचे जीवन ऋतुचक्राशी घट्ट बांधलेले आहे. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साचले की तो मोठमोठ्या दगडांच्या राशींतील कपारींत शिरतो आणि महिनोन्‌महिने निद्रिस्त राहतो. त्या काळात त्याच्या शरीराचे तापमान जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत उतरते. वरचे बर्फ पांघरुणासारखे काम करून कडाक्याच्या थंडीपासून त्याला वाचवते. वसंतात जागा होतो तेव्हा तो भुकेलेला असतो आणि लवकरच मादीला पिल्ले व्हायची असतात. अशा वेळी त्याच्या मदतीला येतात ते बोगाँग नावाचे निशाचर पतंग. मैदानी प्रदेशात जन्मलेले हे पतंग उन्हाळा टाळण्यासाठी कधी कधी हजार किलोमीटरांपर्यंतचा प्रवास करून या डोंगरांतील गार कपारींत येतात. त्यांच्या शरीरात चरबी भरपूर असते. पुढे उन्हाळा सरू लागला की पॉसम झुडपांची फळे व बिया खातो, काही साठवून ठेवतो आणि पुन्हा निद्रेची तयारी करतो.

ही साखळी किती नाजूक आहे, हे इ. स. २०१७ नंतर दिसून आले. मैदानी प्रदेशात तीव्र दुष्काळ पडला आणि डोंगरावर येणाऱ्या पतंगांची संख्या एकाएकी कोसळली. इ. स. २०१८ च्या वसंतात काही ठिकाणी माद्यांच्या पिशवीतली पिल्ले दगावलेली संशोधकांना आढळली. डोंगर तोच होता, दगड तेच होते, शिकारही कोणी केली नव्हती. शेकडो किलोमीटर दूर न पडलेल्या पावसाने ही पिल्ले मारली. इ. स. २०२१ मध्ये बोगाँग पतंगाचीच नोंद संकटग्रस्त जीवांच्या जागतिक यादीत झाली. पाऊस परतल्यावर पतंगही काही प्रमाणात परतले. पण धोका टळला, असे म्हणता येणार नाही.

माणसाने या प्राण्यासाठी काही केले नाही, असे नाही. माउंट हॉथम येथील रस्त्यामुळे खालच्या उतारावरचे नर आणि वरच्या भागातील माद्या यांची वाट तुटली होती. इ. स. १९८० च्या दशकात रस्त्याखालून दगड भरलेला एक बोगदा काढण्यात आला आणि नरांची ये-जा पुन्हा सुरू झाली. माउंट बुलर येथील एकाकी पडलेली वसाहत आपसांतील संकरामुळे क्षीण झाली होती, इ. स. २०११ पासून तेथे हॉथमचे काही नर सोडण्यात आले आणि तिला नवी उभारी मिळाली. इ. स. २०१९-२० च्या वणव्यांनंतर कोसियुस्को परिसरात या प्राण्यांसाठी पाणी व खास बनवलेली बिस्किटेही ठेवण्यात आली.

हे सारे प्रयत्न स्तुत्यच आहेत. तरीही संकटात दिलेले अन्न हा उपचार झाला. ते आरोग्य नव्हे. पॉसमचे घर म्हणजे केवळ ती दगडांची रास नाही. जेथे पतंगाची अळी वाढते ती दूरची माती आणि जेथून पतंग उडत येतो ते अंधारे आकाश, हेही त्याचे घरच आहे. शहरांतील दिव्यांच्या झगमगाटाने पतंग वाट चुकतात. म्हणून व्हिक्टोरियातील प्राणिसंग्रहालयांनी, पतंगांच्या प्रवासाच्या दिवसांत अनावश्यक दिवे मालवण्याचे आवाहन नागरिकांना केले. मला हा उपाय सर्वांत मोलाचा वाटतो. कारण ज्याने तो प्राणी कधी पाहिला नाही आणि पाहणारही नाही, अशा माणसालाही तो त्या रक्षणात सहभागी करून घेतो.

कोणी विचारील, ४५ ग्रॅमच्या प्राण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? शेतकऱ्याचा आक्षेप तर अधिक रोकडा आहे. या पतंगाच्या अळ्या कोवळी रोपे कुरतडतात. मग त्यांचे रक्षण त्याने का करावे? हा प्रश्न झिडकारण्याजोगा नाही. शेतकऱ्याने पीक वाचवूच नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पिकावरील कीड आवरणे वेगळे आणि एक जातच्या जात नाहीशी होऊ देणे वेगळे. एके काळी येथील आदिवासी समाजही डोंगरात येऊन हेच पतंग भाजून खात असत. ज्याला एक जण कीड म्हणतो, तेच दुसऱ्याचे अन्न असते, हे विसरून चालत नाही.

कुंपण घालून आपण एखाद्या जागेचे रक्षण करू शकतो. पण पाऊस, बर्फ आणि पतंगांची वाट यांना कुंपण घालता येत नाही. लहान प्राणी आपल्याला शिकवतो तो हाच धडा. त्याला वाचवायचे, तर त्याच्या अन्नाला वाचवावे लागते आणि त्या अन्नाचा माग काढत गेले, की आपण शेवटी आपल्याच शेतापाशी आणि आपल्याच दारातल्या दिव्यापाशी येऊन पोहोचतो.