मदतीला येणारी बाई शिकलेली हवी

घरात मार खाल्लेली बाई पोलीस चौकीची पायरी चढण्याआधी बहुधा महापालिकेच्या नाहीतर सरकारी दवाखान्यात जाते. "स्टोव्हचा भडका उडाला", "मोरीत पाय घसरला" असे सांगते, टाके घालून घेते आणि त्याच घरात परतते. केसपेपरवर अपघात अशी नोंद होते. शेजारी नवरा उभा असताना ती दुसरे सांगणार तरी काय?

हे ओळखून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र काढले. एका खोलीत समुपदेशक बाई बसवून ते थांबले नाहीत. रुग्णालयातल्याच परिचारिकांना, डॉक्टरांना शिकवले आणि त्यांतल्या काहींना पुढे इतरांना शिकवण्यासाठी तयार केले. आम्हाला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण बाईची पहिली गाठ पडते ती सिस्टरशी.

कोणी म्हणेल, चार धीराचे शब्द बोलायला शाळा कशाला? आपल्या वस्त्यांत धीर देणाऱ्या बायांची काही वाण नाही. पण धीर देता देता "लेकरांकडे बघ, थोडे सोस" हेही त्याच सांगतात. ही जीभ आवरायला शिकावे लागते. बाईला एकटीला बाजूला घेऊन बोलायचे. "तू काय केलेस म्हणून त्याने मारले?" असे विचारायचे नाही. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहायचे आणि तिच्या संमतीवाचून घरच्यांच्या कानावर घालायचे नाही. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हे सरळ विचारायचे. विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही, हे शिकल्यावरच कळते. ती आज घरी परत जाणारच असेल तर रेशनकार्ड, मुलांचे दाखले, थोडे पैसे विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवायला सांगायचे आणि रात्री-अपरात्री कोणाचे दार वाजवायचे ते ठरवून द्यायचे. घर सोडायचे की नाही, हा निर्णय मात्र तिचाच.

अत्याचार झालेल्या मुलीच्या तपासणीत तर अडाणी हात दुसरा घाव घालतो. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली. २०१४ च्या केंद्रीय आरोग्य खात्याच्या सूचनांतही ती करू नये असे आले. तरी २०२२ साली न्यायालयाला पुन्हा तेच सांगावे लागले. या वेळी डॉक्टरांसाठी शिबिरे घ्या, वैद्यकीय अभ्यासक्रम तपासा, असाही आदेश झाला. अशा पीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार करावेत हा कायदा २०१३ पासूनचा आहे आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही तो आहे. दाराशी बसलेल्या कारकुनाला तो ठाऊक नसेल तर मुलगी तिथूनच परत फिरते.

पोलिसांच्या आवारात शिकलेल्या समाजसेविका बसवण्याचा प्रयोग त्याहून जुना. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. पुढे राज्य सरकारने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला.

आपल्या लोकांना ज्याची गरज पडते त्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचेही तसेच. २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे वेगळे प्रकरण त्यात आले. १९९५ च्या नियमांप्रमाणे तपासाला, सुनावणीला जाण्याचे भाडे आणि त्या दिवसांचा किमान वेतनाहून कमी नसलेला निर्वाह भत्ता मिळायला हवा. रोजंदारी बुडते म्हणून साक्षीदार तारखेला जात नाही आणि केस ढिली पडते. सोबत येणाऱ्या कार्यकर्त्याला हा नियम ठाऊक असेल तर तो पहिल्याच तारखेला तिकिटे जपून ठेवायला सांगेल.

आपल्या कितीतरी मुली समाजकार्याची पदवी घेत आहेत. सखी केंद्रात, विशेष कक्षात त्यांना काम मिळू शकते. नोकरी बहुधा कंत्राटी असते, दिवसभर दुसऱ्याचे दुःख ऐकून रात्री झोप लागत नाही, हेही त्यांना आधी सांगायला हवे. मुलाखतीला जाणाऱ्या मुलीने दोन गोष्टी विचाराव्यात: कामावर ठेवण्याआधी किती दिवस शिकवणार, आणि एखादी केस जड गेली तर बोलायला जाणते, वरिष्ठ माणूस कोण?