गुऱ्हाळाच्या धुराचा हिशेब

प्रदूषण म्हटले की आपण मोठ्या कारखान्याकडे बोट दाखवतो. परंतु सांगवीपासून खाली नीरा नरसिंगपूरपर्यंतच्या या ऊसपट्ट्यात लहान उद्योग म्हणजे गुऱ्हाळ, आणि त्याच्या चुलवाणात जाळ घालणारा बहुधा भूमिहीन मजूर असतो. शेजारच्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळांवर टायर, रबर आणि प्लास्टिकचा कचरा जाळल्याच्या तक्रारी वेळोवेळी झाल्या आहेत. मालक म्हणतो, "चिपाड पुरत नाही, काय करू?"

मी कारकून माणूस. पुरत नाही म्हटले की वही उघडतो. शंभर किलो उसाचा गूळ होतो साधारण दहा-बारा किलो. त्यासाठी रसातले पन्नासएक किलो पाणी वाफ करून घालवावे लागते. चिपाड निघते पस्तीस-चाळीस किलो, पण ओल्या चिपाडात जवळपास निम्मे पाणीच! म्हणजे जाळाचा काही भाग चिपाड सुकवण्यातच खर्ची पडतो. शिवाय बरीच उष्णता धुराड्यातून वर जाते. तूट येते ती इथे.

उपाय अवघड नाही. चिपाड एक-दोन दिवस कडक उन्हात पसरावे, मग छपराखाली रचावे. चुलवाण आणि धुराडे यांच्यामध्ये दुसरी काहील बसवली, तर जाणाऱ्या गरम धुरावरच पुढचा रस तापतो. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने तर तीन काहिलींचे चुलवाण तयार केले आहे. चुलवाण बांधण्यापूर्वी कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. चिपाडाची राख शेतात घालता येते. टायरची राख कोण आपल्या रानात टाकील?

काहिली धुतलेले गोड पाणी ओढ्यात सोडू नये. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्यासाठी खड्डा काढावा. मळी शेणखतात मिसळावी.

टायर स्वस्त पडतो, असे म्हणतात. पडणारच! त्याची अर्धी किंमत मालकाच्या वहीत लिहिलीच जात नाही. काजळी आणि गंधकाचा विषारी धूर जाळ घालणाऱ्याच्या छातीत आणि त्याच्या पालातल्या लेकरांच्या छातीत जमा होतो. दवाखान्याचे बिल त्याच्या नावावर.

हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ सालचा आहे आणि तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते. पण एकट्या मजुराने अर्ज केला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम गेलेच समजा. म्हणून मागणी ग्रामसभेत ठराव करून यावी, आणि ती हंगाम सुरू होण्यापूर्वी, छप्पर घालायला वेळ असताना. ठरावात आणखी एक ओळ जरूर घाला : चिपाड वाळत घालणाऱ्या बायांची हजेरी वेगळी लागली पाहिजे. हे काम नेहमीच्या मजुरीत फुकट धरले जाऊ नये.