चोवीस तासांचा नियम आणि नानांचा पाईप

मागच्या श्रावणात माझ्या हातून नानांचा पाईप तडकला. नाना म्हणजे आईचे वडील. ते भुसावळला रेल्वेत होते. निवृत्त होऊन गाव सोडणाऱ्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं जाताना त्यांना हा पाईप दिला होता. नाना गेल्यावर कपडे वाटले गेले, घड्याळ मामाकडे गेलं आणि आईकडे त्यांची म्हणून एवढी एकच वस्तू उरली. ती मी मागून घेतली आणि तडकवली.

निष्काळजीपणा केला असता तर गप्प बसलो असतो. पण मी नियम पाळला होता, अगदी शब्दशः. आणि माझं भांडण त्या नियमाशीच आहे.

पाईपच्या दुनियेत शिरलात की पहिल्याच दिवशी हा नियम कानावर येतो: एकदा ओढलेल्या पाईपला किमान चोवीस तास विश्रांती द्या. दुकानदार तेच सांगतो, डब्यातलं पत्रक तेच सांगतं, पुस्तकं तेच सांगतात. कुणी जरा जास्त दर्दी असेल तर आठवडा सांगतो. इंग्लंडात तर पूर्वी सात वारांचे सात पाईप एका पेटीत घालून विकायचे. सोमवारचा पाईप पुढच्या सोमवारीच हातात घ्यायचा. विकणाऱ्याला यापेक्षा सोयीचा नियम कुठला असणार?

मी चोवीस तास द्यायचो. जळगावच्या घरी, वर्क फ्रॉम होमच्या टेबलावर, त्याच्या चामडी पाऊचमध्ये. पाऊस लागला तसा पाईपला कुबट वास यायला लागला. मी तास वाढवून छत्तीस केले, मग अठ्ठेचाळीस. एका सकाळी आत पांढरट बुरशी दिसली, म्हणून साफ करायला दांडी काढायला गेलो. ती निघेना, म्हणून पिळली. लाकूड ओलाव्यानं फुगलं होतं आणि आतल्या खुंटीला घट्ट धरून बसलं होतं. बारीकसा आवाज झाला आणि नळीला केसाएवढी फट पडली. आई स्वयंपाकघरातून बघत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

या सगळ्यात घोळ घातलाय तो ‘विश्रांती’ या शब्दानं. पाईप बैल नाही, दमत नाही. त्याचं होतं ते एवढंच: तंबाखूत मुळात ओल असते, ती जळताना आणखी पाण्याची वाफ तयार होते, ही वाफ नळीच्या थंड भागात येऊन पाणी होते आणि ते पाणी लाकूड पितं. प्यालेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे. याला वाळणं म्हणतात. वाळणं हे हवेचं काम आहे, घड्याळाचं नव्हे. हवेत जागा असेल तर पाणी जाईल, नसेल तर बसून राहील. तुम्ही चोवीस तास मोजा नाहीतर चोवीस दिवस.

‘हवेत जागा’ ही नुसती बोलायची भाषा नाही, हिशोब मांडता येतो. जुलै-ऑगस्टात झड लागते तेव्हा जळगावात तापमान साधारण २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरा. २७ अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त पावणेसव्वीस ग्रॅम वाफ धरू शकते. तिच्यात सव्वातेवीस आधीच भरलेली. उरली जागा अडीच ग्रॅमची. आता ज्या घरात हा नियम जन्मला असेल तिथला हिवाळा घ्या. बाहेर ५ अंश, हवा ओलसर, पण थंड हवेत वाफ मावतेच किती, जेमतेम सहा ग्रॅम. तीच हवा घरात येऊन हीटरवर २० अंशांना तापली की तिची आर्द्रता उतरून ३३ टक्क्यांच्या आसपास येते आणि जागा होते साडेअकरा ग्रॅमची. आमच्या श्रावणाच्या चौपटीहून जास्त. तिथं रात्रभरात पाईप सुकतो यात पाईपवाल्याचं कर्तृत्व काहीच नाही, हीटरचं आहे.

तुम्ही म्हणाल, मग चौपट वेळ देऊ, चोवीसऐवजी शंभर तास. तेही चालत नाही. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं आणि थांबतं. तेहतीस टक्के आर्द्रतेत ते साडेसहा टक्के पाण्यावर येऊन थांबेल, नव्वद टक्क्यांत वीस टक्क्यांवर. त्याच्या खाली ते जाणारच नाही, वर्षभर विश्रांती दिलीत तरी. आणि ऐंशी टक्क्यांच्या वरची हवा काही दिवस टिकली की बुरशीला आमंत्रण लागत नाही. म्हणजे झडीच्या दिवसांत बंद पाऊचमध्ये ठेवलेला पाईप विश्रांती घेत नसतो, बुरशीचं शेत होत असतो.

यावर आमचे धुळ्याचे मित्र हसतील. खान्देश आणि दमट? इथं तर मे महिन्यात कुलरमधलं पाणी पुरत नाही. बरोबर आहे. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतली जागा पन्नास ग्रॅमच्या घरात जाते, श्रावणाच्या वीसेक पट. फसगत होते ती इथंच. आठ महिने आपण इतक्या कोरड्या हवेत राहतो की पावसाळ्याची आपल्याला सवयच नसते. कोकणातला माणूस जूनच्या आधी कपाटं रिकामी करतो, चपला वर टांगतो. आपण मेमधल्याच सवयी ऑगस्टात चालवतो. आणि मेमध्ये उलटा धोका: ओला पाईप गच्चीवर उन्हात ठेवलात तर बाहेरचं लाकूड आधी आकसतं, आतलं ओलंच राहतं आणि तडा जातो. एकाच गावात, एकाच टेबलावर, तोच चोवीस तासांचा नियम ऑगस्टात अपुरा आणि मेमध्ये निरर्थक ठरतो. आमच्या धंद्यात याला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणतात. असं म्हणणाऱ्याला टीममध्ये कुणी सोडत नाही. पाईपच्या बाबतीत मात्र आपण लंडनच्या मशीनवर चाललेलं जळगावात जसंच्या तसं चढवतो आणि वर त्याला परंपरा म्हणतो.

राग येतो तो यासाठी की आपल्याला हे माहीत नव्हतं असं नाही. आखाजीच्या आधी खान्देशातल्या कुठल्याही गच्चीवर जा. पापड, कुरडया, शेवया पसरलेल्या असतात. ‘कुरडईला चोवीस तास द्या’ असं कुणी कुणाला सांगत नाही. आई एक कुरडई उचलते, मोडते, आवाज ऐकते आणि सांगते डब्यात भरायची की अजून एक ऊन द्यायचं. कसोटी वस्तूची आहे. कापसाचं तर सरळ आकड्यावर चालतं. कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, बाराच्या वर गेला की माल परत. ‘साहेब, मी कापसाला चार दिवस विश्रांती दिलीय’ असं तिथं म्हणून बघा. शेतकऱ्याच्या मालाला मीटर लावायचा आणि साहेबी शौकाला घड्याळ, हा न्याय कुठला?

साहेबी म्हटलं कारण मुद्दा तोही आहे. माझे दुसरे आजोबा, वडिलांचे वडील, धुळे तालुक्यातल्या गावी चिलीम ओढायचे. मातीची, कुंभाराकडची, काही रुपड्यांची. आत खडा, तोंडाशी ओली छापी. आता ती वस्तू इंजिनिअरच्या नजरेनं बघा. भाजलेली माती सच्छिद्र असते, पाणी पिते आणि तितक्याच सहज सोडते. छापी ओली असते ती धूर थंड करायला आणि राख अडवायला, आणि ती चिलमीचा भाग नाही, ओढून झालं की काढून धुवायची. म्हणजे ओलीचा मोठा भाग वस्तूच्या बाहेरच ठेवलाय. चिलीम फारच काळी झाली की आजोबा ती चुलीच्या निखाऱ्यात सरकवायचे. आतला कीट जळून जायचा आणि चिलीम पुन्हा विटकरी रंगाची. लाकडाच्या पाईपला हे करून दाखवा. युरोपातही मातीचे पाईप होते तेव्हा तिथले लोक ते असेच भट्टीत भाजून साफ करायचे. विश्रांतीची गोष्ट भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाच्या गाठीपासून पाईप व्हायला लागल्यावरची आहे.

आपल्याकडच्या चिलमीच्या गोष्टी आठवून बघा. शिर्डीच्या साईबाबांनी चांदभाई पाटलाला चिलीम पाजली त्या कथेत जमिनीतून निखारा निघतो आणि छापी भिजवायला पाणी निघतं. शेगावच्या गजानन महाराजांच्या कथेत जानकीराम सोनार आखाजीच्या दिवशी विस्तव द्यायला नकार देतो आणि चिलीम विस्तवाशिवाय पेटते. अडचण विस्तवाची आहे, पाण्याची आहे. चिलीम वाळेना, अशी तक्रार मी तरी कुठल्या कथेत ऐकली नाही.

तरी पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत पाईप म्हणजे चिंतन आणि चिलीम म्हणजे गांजेकस. तंबाखू तीच, धूर तोच. फरक भांड्याच्या किमतीचा. पारावरच्या म्हाताऱ्याला आपण काही विचारत नाही आणि परदेशी पत्रक पाठ करतो. मीही केलं. आजोबा मला लहानपणी सांगायचे, ‘वल्ली चिलीम कोनाडामा ठेवू नको.’ पंचवीस वर्षांनी मी ओला पाईप पाऊचमध्ये ठेवत होतो.

आणि नाना? आईला आता, पाईप मोडल्यावर, विचारलं. ती म्हणाली, नाना पाईप थंड होऊ द्यायचे, मग दांडी काढून कोंबडीचं पीस आरपार फिरवायचे आणि पावसाळ्यात दोन्ही तुकडे शेगडीच्या बाजूच्या फळीवर ठेवायचे, तोंड खाली करून. वाफेच्या पातेल्यापासून लांब. बस. यात सगळं शास्त्र आलं. श्रावणातली तीच हवा शेगडीजवळ २७ ची ३३ अंश झाली तर तिची आर्द्रता नव्वदवरून पासष्टवर येते. नाना सातवी शिकलेले. हा आकडा त्यांना माहीत नव्हता, फळी माहीत होती. मी आधी पत्रक वाचलं आणि शेवटी आईला विचारलं. खरी चूक ही आहे, आणि ती माझी आहे.

आता एक गोष्ट न चुकवता सांगायला हवी, नाहीतर हा लेख पाईपची जाहिरात होईल. आजोबा गेले ते घशाच्या गाठीनं. शेवटचे चार महिने त्यांना पाणीही गिळवत नव्हतं. त्यांची चिलीम नेहमी कोरडी ठणठणीत असायची. वाळवलेल्या पाईपमधून येणारा धूर ओल्या पाईपमधल्या धुराइतकाच मारतो. पाईपवाल्यांच्या भाषेवर माझा दुसरा आक्षेप हाच आहे. ‘विश्रांती’, ‘निगा’, ‘मुरवणं’ या शब्दांनी लाकडाची इतकी काळजी घेतली जाते की ओढणाऱ्याच्या घशाचा विषयच निघत नाही. पुड्यावरचं ८५ टक्के जागा व्यापणारं चित्र निदान खोटं बोलत नाही. श्रावणापासून मी ओढलेलं नाही. यात शौर्य काही नाही, पाईपच फुटलाय.

पण ओढा किंवा ओढू नका, अशा वस्तू आपल्या घरांत आहेत. कुणाच्या मामाचा पाईप, कुणाच्या वडिलांचा कॅमेरा, कुणाची पेटी. लेन्सवर बुरशी येते ती याच हवेनं. त्यांच्यासाठी तासांचा नियम शोधू नका. पाईप असेल तर पूर्ण गार झाल्यावरच दांडी काढा, आत कापूस किंवा टिश्यू खुपसून पाणी टिपून घ्या, तोंड खाली करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, उन्हात नको. झडीत बंद पाऊच, बंद कपाट, बंद डबा नको. डबा हवाच असेल तर आत सिलिका जेल टाका आणि ते वेळच्या वेळी तापवून कोरडं करा. आणि वाळलं की नाही हे वजन करून ठरवा. जळगाव सोन्याचं गाव आहे, मिलिग्रॅमपर्यंत तोलणारे काटे सराफ बाजारात गल्लोगल्ली आहेत. खिशात मावणारा छोटा काटा ऑनलाइनही मिळतो. दोन दिवस लागोपाठ वजन उतरलं नाही म्हणजे त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. मग आर्द्रता बघा आणि ठरवा, तेवढं पुरेसं आहे की फळी शोधायची.

मी तो काटा सप्टेंबरात घेतला. उशिराच. पावसात नानांच्या पाईपचं वजन सकाळी जे असायचं तेच संध्याकाळी. दसऱ्यानंतर रोज थोडं उतरत गेलं. आता डिसेंबर आहे, बाहेर ओठ फुटतायत आणि गेल्या आठवड्यापासून आकडा हललेला नाही. लाकूड आकसल्यावर दांडी आपोआप सैल झाली, बोटानं निघते. फट भरून मिळेल असं एका सुतारानं सांगितलंय. आईला अजून ते पटलेलं नाही, तिचं म्हणणं आहे तशीच राहू दे.