आजीचे ताट आणि आजीची दाढ

घरातली आजी 'भूक नाही' म्हणून ताट सरकवू लागली, तर एकदा तिच्या तोंडात बघा. अंबड-घनसावंगीकडे जा की भोकरदन-जाफराबादकडे, म्हाताऱ्या माणसांचे जेवण सारखेच: ज्वारीची भाकरी वरणात कुस्करायची आणि गिळायची. शेंगदाणे, मटकी, काकडी सुटते. हुरड्याच्या दिवसांत आजोबा नातवाला दाणे चोळून देतात, स्वतः खात नाहीत. पोट भरते, अंग भरत नाही.

'वय झाले, दात जाणारच' असे आपण म्हणतो. दात नुसत्या वयाने पडत नाहीत. किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने पडतात. साखरेचा आजार असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीतीही सोडा. दाढा जातात त्याच वयात मोतीबिंदू येतो, एवढाच काय तो संबंध.

आता आयाबायांशी बोलायचे आहे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिशरी कितीजणींनी दाढ दुखते म्हणून धरली! ठणका घटकाभर बधिर होतो, रोग आत वाढतो, तलफ मात्र कायमची जडते. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? गालात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड कमी उघडणे, यातले काही दिसले तर लगेच डॉक्टरला दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

कवळीचे तर विचारूच नका. कुणाची कोनाड्यात असते, कुणाची फक्त लग्नकार्याला बाहेर निघते. दात काढल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजते, म्हणून चांगली बसलेली कवळीही काही वर्षांनी सैल होते, टोचते. ती घरी कानशीने घासू नका. डॉक्टर नीट करून देतात. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यात ती वाकडी होते. धुताना खाली पाण्याचे घमेले ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही. रस्त्याकडेला बसून दात चिकटवून देणाऱ्याकडे मुळीच जाऊ नका. त्या दाताखाली घाण साचते आणि शेजारचे चांगले दातही जातात.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, १९८२ साली शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय सुरू झाले. जालन्याहून रेल्वे आहे, एसटी आहे. कवळीला एका खेपेत भागत नाही. मापे, तपासणी, पुन्हा फेरी असे चालते. म्हणून रब्बीची पेरणी उरकली की काढणीपर्यंतचा काळ धरा. आजोबांना एकटे पाठवू नका. जाताना रक्तदाबाच्या, साखरेच्या, रक्त पातळ करण्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या आणि दात काढण्याआधी डॉक्टरांपुढे ठेवा. मात्र आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.